रिफाइंडचा पिपा फेकून देऊ का?

मॅडम, नमस्कार. आम्ही मानेवाडा रोडला राहतो. घरात पाच माणसं: सासूबाई, हे, मी, मुलगा आणि सून. मुलगा-सून दोघंही ऑफिसात बसून काम करतात. यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. आमच्याकडे पहिल्यापासून सोयाबीनचं रिफाइंड असतं, १५ लिटरचा पिपा दोन महिने पुरतो. धाकटे भाऊजी रोज एक व्हिडिओ पाठवतात. रिफाइंडमध्ये पेट्रोल असतं, कॉस्टिक सोडा असतो, त्यानेच अटॅक येतात, घाण्याचं तेल घ्या म्हणतात. घाण्याचं शेंगदाणा तेल आमच्या तेलाच्या दुपटीने महाग पडतं. सासूबाई म्हणतात जवसाचं तेल आणा, आम्ही त्यावरच मोठे झालो. मुलगा म्हणतो सगळं थोतांड आहे. नवा पिपा परवाच फोडला, तो फेकून देऊ का? सांबारवडी तळून उरलेलं तेल मी गाळून ठेवते आणि पुन्हा वापरते, ते चालतं ना? वरणावर तूप वाढायचं की नाही? आणि हो, तेल बदललं की कोलेस्टेरॉलची गोळी लागत नाही असं त्या व्हिडिओत होतं, म्हणून यांनी दसऱ्यापासून ती बंद केली आहे. तब्येत चांगली आहे.
– एक वाचक, नागपूर

ताई, तुमच्या पत्राच्या शेवटून सुरुवात करते. तेलाचं चार दिवस थांबलं तरी चालेल, गोळीचं थांबणार नाही. मिस्टरांच्या डॉक्टरांना आजच फोन करा, गोळी कधीपासून बंद आहे ते खरं-खरं सांगा आणि ते सांगतील तशी पुन्हा सुरू करा. रक्त पातळ ठेवायची गोळीही चालू असेल. तीही सोबतच बंद केली आहे का, हे त्यांना समोर बसवून विचारा. पुरुष मंडळी अशा वेळी अर्धंच सांगतात.

‘तब्येत चांगली आहे’ यावर जाऊ नका. कोलेस्टेरॉल वाढलेलं कोणाला जाणवत नाही, ना डोकं दुखतं ना छातीत धडधडतं. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि ती गोळी तिथे लगाम घालते. नेमाने घेतली तर वाईट कोलेस्टेरॉल ३० ते ५० टक्के खाली येतं. खाणंपिणं सुधारून सहसा दहा-पंधरा टक्के उतरतं, तेही मन लावून पाळलं तर. शिवाय रक्तवाहिनीच्या आत साचलेला थर फुटू नये, यासाठीही तिचा उपयोग होतो. ज्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, आहे त्याला तेल बदलून गोळीतून सुटका नाही. असं सांगणारा व्हिडिओ करणाऱ्याला तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट दाखवला होता का, एवढंच भाऊजींना विचारा.

आता तेलाकडे येऊ. भाऊजींच्या व्हिडिओत सगळंच खोटं नसतं, म्हणून तर ते पटतं. रिफाइंड तेलाच्या कारखान्यात पेट्रोलियमपासून काढलेलं द्रावक वापरतात, कॉस्टिक सोडाही वापरतात, हे खरं आहे. ते का वापरतात आणि शेवटी पिशवीत काय उरतं, एवढंच तिथे सांगत नाहीत.

शेंगदाण्यात, तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे दाबलं की ते बाहेर येतं. सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम १८ ते २० टक्के. घाण्यात घालून ते नीट निघत नाही, बरंचसं ढेपेतच राहून जातं. म्हणून सोयाबीनचे पातळ पापुद्रे करून ते हेक्झेन नावाच्या द्रावकाने धुतात. तेल त्यात उतरतं, मग हेक्झेन उडवून लावतात. ते साधारण ६९ अंशांनाच उकळतं, म्हणजे पाण्याच्याही बरंच आधी. पुढे हेच तेल निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात, त्यात उरलंसुरलं हेक्झेनही निघून जातं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक किलो तेलात ५ मिलिग्रॅमहून जास्त हेक्झेन राहता कामा नये. याला ‘पेट्रोल पिणं’ म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

कॉस्टिक सोड्याचंही तसंच. कच्च्या तेलात सुटी आम्लं असतात, त्यांनी तेल लवकर खवट होतं. सोडा त्या आम्लांशी जुळून साबण बनवतो, तो साबण वेगळा काढतात आणि तेल पाण्याने धुतात. ‘ब्लीच करतात’ हे ऐकून लोकांना कपड्यांचं ब्लीच आठवतं. प्रत्यक्षात एका खास मातीतून तेल गाळतात, ती माती रंग शोषून घेते. यात गुपित असं काही नाही. आपल्याच अमरावती रोडवरच्या एलआयटीत, म्हणजे १९४२ साली निघालेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, तेलाचं तंत्रज्ञान हा पदवीचा विषय आहे. ओळखीपाळखीत तिथे शिकलेलं कोणी असेल तर भाऊजींना एक दिवस चहाला त्यांच्याकडे घेऊन जा.

मग रिफाइंड अगदी निर्दोष का? तसंही मी म्हणणार नाही. या सगळ्या धुण्या-तापवण्यात ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, तेलाचा मूळ वास आणि चव जाते, चांगली असलेली काही बारीकसारीक द्रव्यंही जातात. तेल खवट होऊ नये म्हणून टीबीएचक्यू घालतात. पिशवीवर ते ३१९ या आकड्याने लिहिलेलं असतं आणि त्याला किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आणि ज्या गोष्टीबद्दल व्हिडिओवाले सहसा बोलत नाहीत, पण शास्त्रज्ञ खरोखर काळजी करतात, ती अशी: २०० अंशांच्या वरच्या तापमानात तेलात ग्लिसिडिल एस्टर नावाची संयुगं तयार होतात. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून ग्लिसिडॉल बनतं आणि त्याचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात केलेला आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये यावर अहवाल दिला, २०१८ पासून तिथे त्याला मर्यादा आहे. ही संयुगं सर्वांत जास्त सापडली ती पामतेलात. सोयाबीन, सूर्यफूल यांत प्रमाण खूपच कमी. म्हणून घाबरायचंच असेल तर स्वयंपाकघरातल्या पिप्याला घाबरण्याआधी बिस्किटाच्या आणि शेवेच्या पुड्यावर मागे काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘पामोलिन’, म्हणजे पामतेलच, हा शब्द वारंवार भेटेल.

‘रिफाइंडने अटॅक येतात’ या वाक्यामागे एक खरा वाद आहे, आणि तो मला तुमच्यापासून लपवायचा नाही. सोयाबीन, सूर्यफूल, करडई या तेलांत ओमेगा-६ प्रकारची स्निग्धाम्लं भरपूर असतात. यांनी शरीरात दाह वाढतो, असा आक्षेप आहे. त्याला आधार म्हणून दोन जुने प्रयोग सांगतात. एक सिडनीचा, १९६६ ते १९७३ या काळातला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा तसाच त्रास झालेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला लोणी-चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन, म्हणजे कृत्रिम लोणी, दिलं. त्या गटात मृत्यू कमी व्हायचे तर जास्त झाले. दुसरा अमेरिकेतल्या मिनेसोटाचा, मक्याच्या तेलाचा. त्यात कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू काही कमी झाले नाहीत. दोन्हींची जुनी, पूर्ण न छापलेली आकडेवारी अनुक्रमे २०१३ आणि २०१६ मध्ये पुन्हा तपासून छापली गेली आणि तिथून हा गदारोळ सुरू झाला.

माझं मत विचाराल तर हे प्रयोग झटकून टाकण्यासारखे नाहीत, पण त्यांवरून पिपा फेकण्यासारखंही काही नाही. त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट, म्हणजे कारखान्यात तेल घट्ट करताना बनणारी चरबी, असायचं, जे हृदयाला सगळ्यात घातक. मिनेसोटातली बरीच माणसं वर्षभराच्या आतच प्रयोगातून बाहेर पडली होती. आणि करडईत काय किंवा मक्यात काय, हृदयाला चांगलं मानलं जाणारं ओमेगा-३ जवळजवळ नसतंच. सोयाबीन तेलात ते सुमारे ७ टक्के असतं. दुसऱ्या बाजूला, असे पुष्कळ प्रयोग एकत्र मांडून पाहिले तेव्हा तूप-लोणी-चरबीसारखं सॅच्युरेटेड फॅट दोन वर्षं किंवा जास्त काळ कमी करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रसंग साधारण १७ टक्क्यांनी कमी दिसले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये असंपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट कमी असलेल्या, तेलांच्याच बाजूने कौल दिला. सोयाबीन तेलात सॅच्युरेटेड भाग १५ टक्क्यांच्या आसपास असतो, शेंगदाणा तेलात १८-२०, पामतेलात निम्मा, तुपात साठाच्या वर, खोबरेलात नव्वदच्या घरात. तुमच्या मिस्टरांच्या हृदयाच्या दृष्टीने सोयाबीन तेल या यादीत वाईट जागी नाही.

आता घाणा. गेल्या काही वर्षांत नागपुरात लाकडी घाण्याची दुकानं गल्लोगल्ली निघाली. समोर दाणे ओतले, समोर धार पडली, ताज्या तेलाचा वास दरवळला, की माणूस भुलतोच. भुलायला माझी हरकत नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल चांगलं तेल आहे, त्यात जवळजवळ निम्मा भाग ऑलिव्ह तेलात असतो त्या जातीचा, ई जीवनसत्त्वही शाबूत. पण ‘घाण्याचं म्हणजे शुद्ध’ हे समीकरण काही पटत नाही. पावसात भिजलेल्या, बुरशी धरलेल्या दाण्यात अफलाटॉक्सिन असतं, ते यकृताला घातक. रिफाइंड करताना सोड्याने आणि मातीने ते निघून जातं. घाण्याच्या तेलात ते थोडंफार उतरतं आणि तिथेच राहतं. म्हणजे ज्या सोड्यावरून भाऊजींनी एवढा हल्लकल्लोळ माजवला, तोच इथे कामाला येतो! म्हणून घाण्यावर गेलात तर तेलाआधी दाणे बघा. मूठभर हातात घ्या, काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे किती आहेत ते बघा, दोन चावूनही बघा. दाणे दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडून तेल घेऊ नका.

सुटं तेल तर नकोच. पिशवीबंद नसलेलं खाद्यतेल विकायला कायद्याने तशीही बंदी आहे, एखाद्या राज्याने वेगळी सूट दिली असेल तेवढीच. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि हजारो लोकांच्या अंगावर सूज आली, साठाहून अधिक दगावले. ते तेल काही रिफाइंड नव्हतं. घाण्यावाल्याकडूनही घ्यायचं तर सीलबंद बाटली, तारीख आणि परवान्याचा क्रमांक असलेलीच घ्या.

सासूबाईंचं म्हणणं मात्र खरं आहे. सोयाबीन आपल्या भागात पसरायच्या आधी विदर्भातल्या कित्येक घरांत जवसाचं तेल होतंच, सावजी रस्स्यालाही जुनी माणसं तेच वापरायची. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं आणि तेच त्याचं दुखणंही आहे: ते फार लवकर धूर सोडतं आणि फार लवकर खवट होतं. त्या काळी घाण्यावरून आठवड्याचं तेल यायचं आणि संपायचं. आज दुकानात तीन महिने उजेडात उभी असलेली बाटली आणून त्यात वडे तळले, तर सासूबाईंचं बालपण काही परत येणार नाही. त्यापेक्षा जवसाची चटणी करा. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण, तिखट, मीठ, थोडं जिरं घालून कुटा, पोळीवर घ्या. कुटलेली चटणी आठवड्यात संपेल एवढीच करा, कारण फुटलेला जवसही खवटतो. तेलात मिळायचं ते बरंचसं यातून मिळतं, शिवाय कोंडा पोटात जातो, जो तेलात नसतो. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातल्या तिघांच्या तीन सल्ल्यांत मला सासूबाईंचा सगळ्यात जवळचा वाटला.

आता ज्या आकड्यावर माझा डोळा पहिल्या वाचनातच अडकला, तो म्हणजे दोन महिन्यांत एक पिपा. १५ लिटर तेलाचं वजन भरतं साधारण साडेतेरा किलो. साठ दिवसांनी भागलं तर रोजचं सव्वादोनशे ग्रॅम, पाच माणसांत वाटलं तर प्रत्येकी ४५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम वरचं तेल-तूप सांगितलं होतं. तुमच्याकडच्या तीन बायका, दोन पुरुष धरले तर ११० ग्रॅम होतात. म्हणजे तुमच्या घरात बरोबर दुप्पट तेल जातंय, आणि यात बाहेरचा समोसा, ऑफिसच्या कॅन्टीनची भजी, रविवारचे तर्री-पोहे धरलेलेच नाहीत. तेल रिफाइंड असो, घाण्याचं असो नाहीतर भाऊजींच्या आवडत्या गुरूने मंत्रून दिलेलं असो, एका ग्रॅमला ९ कॅलरी हा हिशेब बदलत नाही. माणशी २० ग्रॅम जास्त म्हणजे रोजच्या १८० कॅलरी जास्त.

हेच गणित तुमची महागाईची अडचणही सोडवतं. पिपा दोनऐवजी चार महिने गेला पाहिजे. एवढंच तेल लागणार असेल तर दुपटीच्या भावाचं घेतलं तरी महिन्याचा खर्च तेवढाच राहतो. म्हणून फोडलेला पिपा फेकू नका. तो पुरवून वापरा, तो संपला की फोडणीला आणि भाजीला घाण्याचं शेंगदाणा तेल आणि तळणाला रिफाइंड, असं दोन्ही ठेवा. तळणाला रिफाइंड यासाठी की ते सव्वादोनशे अंशांपर्यंत धुरत नाही. घाण्याचं तेल त्याच्या कितीतरी आधी धूर सोडतं, आणि धुरलेलं तेल कुठल्याही जातीचं असलं तरी बिघडलेलंच.

हे पाळायचं कसं? चमचे मोजत बसलं की चार दिवसांत कंटाळा येतो. दर सोमवारी ७५० मिलिलिटरची एक बाटली भरा, पाण्याची स्टीलची बाटली असते ना, तेवढी. आठवडा तिच्यावर काढा. पिपा वरच्या फळीवर ठेवा, स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताशी तो नकोच. गुरुवारी बाटली रिकामी झाली तर कुठे गेलं ते तुम्हालाच आठवेल. माझा अंदाज सांगते: फोडणीच्या पळीत. नागपूरच्या स्वयंपाकघरात फोडणीला पळीने तेल घेतात आणि पळी कधी मोजत नाहीत. वडाभातावर चुरलेल्या वड्यांवरून ती हिंगाची गरम फोडणी ओततानाचा ‘चर्रर्र’ आवाज कोणाला नको असतो? तो असू द्या, पण पळीऐवजी चमच्याने ओता. पाटवडीचा रस्सा केला तर तवंग चमच्याने काढून वेगळा ठेवा, ज्याला हवा तो वरून घेईल. तर्रीशिवाय रस्सा म्हणजे नागपूरकराच्या तोंडचा घास काढणं, याची मला कल्पना आहे. मिस्टरांच्या ताटात मात्र तवंग नकोच.

आता त्या गाळून ठेवलेल्या तेलाबद्दल, ताई. इथे मी जरा कडक बोलणार आहे. सांबारवडी तळताना काय होतं बघा: पारीच्या कडेचं बेसन सुटतं, आतल्या सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, दोन-चार तुकडे तेलात पडून जळतात, वडीचं पाणी तेलात जातं. पाणी, हवा आणि उष्णता यांनी तेलाचे रेणू फुटतात, त्यातून ध्रुवीय संयुगं आणि काही घातक अल्डिहाइडं तयार होतात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात या ध्रुवीय संयुगांची कमाल मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, त्यापुढे ते तेल स्वयंपाकात वापरायचं नाही. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे-नाक असतं. तेल काळपट झालं, बोटाला चिकट लागलं, तापवताना बारीक फेस धरून बसला, पूर्वीपेक्षा लवकर धुरायला लागलं, जुन्या तेलाचा वास आला, की ते संपलं. गाळल्याने तळाचा गाळ जातो, तेलाचं झालेलं नुकसान तसंच राहतं.

आणि त्यात वर नवं तेल ओतून ‘ताजं’ करायची आपली पद्धत सगळ्यात वाईट. जुनं तेल नव्यालाही झपाट्याने बिघडवतं, विरजणासारखं. तळण छोट्या, खोलगट कढईत करा, म्हणजे कमी तेलात काम होतं आणि उरतंही कमी. आच मध्यम ठेवा, मीठ आणि चुरा तेलात पडेल तेवढा कमी पडू द्या. उरलेलं थोडं तेल रंगाने आणि वासाने चांगलं असेल तर थंड झाल्यावर गाळून, झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. पुन्हा तळायला नाही, आणि मिस्टरांच्या भाजीला तर अजिबात नाही. जे टाकायचं आहे ते मोरीत ओतू नका, पाइपात चिकटून बसतं. जुन्या कागदात किंवा लाकडाच्या भुशात मुरवून कचऱ्यात द्या.

बाहेर खाताना हीच नजर ठेवा. कढईतलं तेल चहासारखं काळं दिसत असेल तर त्या गाडीवरून पुढे चला, भजी कितीही प्रसिद्ध असली तरी. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची, असा नियम २०१९ पासून आहे. कोपऱ्यावरच्या गाडीला तो लागू नाही, तिथे तुमचीच नजर. ट्रान्स फॅटबाबत मात्र परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात आणि त्यांच्यापासून केलेल्या पदार्थांत कारखान्यातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर चालत नाही. आधी ५ टक्के होतं, मधलं एक वर्ष ३. तरी सुट्या, बिननावाच्या वनस्पती तुपात केलेल्या खारी आणि बालूशाहीवर मी विश्वास ठेवणार नाही.

थोडं तुमच्या मुलाबद्दल. ‘सगळं थोतांड’ म्हणून तो मोकळा झाला, आणि फोडणी पळीने पडायची ती पडतेच आहे. सोमवारची बाटली भरायचं काम त्याच्याकडे द्या. भाऊजींशी भांडू नका, ते काळजीपोटीच पाठवतात. त्यांना एकच सांगा की यापुढे औषध बंद करायला सांगणारं काहीही थेट दादांना पाठवायचं नाही, आधी तुम्हाला पाठवायचं.

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर तपासणी कधी करायची ते डॉक्टर सांगतीलच, बहुधा सहा ते बारा आठवड्यांनी. लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीच्या, दोन दिवस आधी तेल-तूप बंद करून रिपोर्ट सजवू नका. नेहमीसारखं जेवा, म्हणजे खरा आकडा दिसेल. त्या कागदात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हा आकडा बघायचा, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसासाठी तो किती खाली हवा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा निरोगी माणसासाठी असते, तिच्यावर जाऊ नका.

राहिलं वरणावरचं तूप. तुमच्या पाच जणांचा आठवड्याचा हिशेब ८४० मिलिलिटरच्या आसपास येतो आणि बाटली मी ७५० ची सांगितली, ती त्याचसाठी. उरलेलं तूप म्हणून खा. माणशी आठवड्याला तीन-साडेतीन लहान चमचे होतात. मिस्टरांनी दिवसाआड एक सपाट चमचा गरम वरणावर घेतला तर माझी हरकत नाही, पुरणपोळीच्या दिवशी दोन घेतले तर तेवढे पुढच्या आठवड्यातून वजा करा.